रकाराचे संगणकीय संकेतन

रकाराचे संगणकीय संकेतन : देवनागरीतील ‘र’ या वर्णाची लेखनरूपे संगणकात अंकांच्या स्वरूपात साठविण्याची पद्धती. संगणक अक्षर आकृती म्हणून साठवीत नाही. प्रत्येक वर्णाला एक ठराविक क्रमांक नेमून दिलेला असतो व अशा क्रमांकांची मालिका म्हणजेच संगणकीय मजकूर होय.

मराठीत यकारापूर्वीचा स्वरहीन र दोन प्रकारे लिहितात. ‘दर्या’ (समुद्र) या शब्दात तो रफाराने, तर ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) या शब्दात य ला डावीकडून जोडलेल्या आडव्या वक्र रेषेने दाखवितात. आधीच्या स्वरावर आघात येत असल्यास रफार, नसल्यास वक्र रेषा, असा संकेत आहे. ‘आचार्यांना’ (गुरूंना) व ‘आचाऱ्यांना’ (स्वयंपाक्यांना) यांत अर्थभेद केवळ याच खुणेवर अवलंबून आहे. हे दुसरे रूप नेपाळीतही आढळते. हिंदीत ते रूढ नाही.

भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८० नंतरच्या दशकात विकसित झाली व १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती ‘आय. एस. १३१९४’ या क्रमांकाने प्रमाणित केली. तीत ‘र’ ला २०७ व नुक्तायुक्त ‘ऱ’ ला २०८ हा क्रमांक आहे. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक प्रणालीने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली व २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा या लिपीसाठी राखून ठेवल्या. त्यांत र चा क्रमांक २३५२, ऱ चा २३५३ व हलन्तचिन्हाचा २३८१ आहे. रफाराला स्वतंत्र क्रमांक नाही. र, हलन्तचिन्ह व पुढील व्यंजन हे क्रमाने आले, की अक्षर दाखविणारी आज्ञावली रफार काढते.

वक्र रेषेच्या रकाराबाबत मात्र दोन रीती प्रचारात आल्या. युनिकोडच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीनुसार र व हलन्तचिन्ह यांच्यापुढे ८२०५ क्रमांकाचा अदृश्य जोडक लिहावयाचा होता. पुढे इस्कीशी सुसंगत अशी ‘ऱ अधिक हलन्तचिन्ह’ ही रीत मुख्य ठरली व जुनी रीत केवळ पूर्वीच्या मजकुराच्या सोयीसाठी कायम ठेवण्यात आली. परिणामी ‘दऱ्या’ हा शब्द २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६ असा पाच क्रमांकांनी, अथवा २३४२, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६ असा सहा क्रमांकांनी साठविला जाऊ शकतो. ऱ ऐवजी र (२३५२) व नुक्ता (२३६४) असे दोन क्रमांक लिहिल्यास ते ऱ शी समतुल्य मानण्याचा नियम युनिकोडमध्येच आहे. जोडकाच्या रीतीला अशी समतुल्यता नाही.

वाचकाच्या डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. शिवाय जोडक हे चिन्ह अदृश्य असल्याने वर्णक्रम लावताना ते बहुधा दुर्लक्षिले जाते. मजकुरातून ते गळले, तर ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो आणि शब्दाचा अर्थच पालटतो. कोश, ग्रंथसूची व अभिलेख यांचे संगणकीकरण करताना म्हणूनच सर्व मजकूर प्रथम एकाच रीतीत आणणे आवश्यक ठरते.