नकाशांतलें कोडें

वरून पाहतां वर्तुळ, समोरून चौरस आणि बाजूनें त्रिकोण दिसेल, अशी वस्तु कोणती? शाळेंत असतांना मी हें कोडें मुलांना घालीत असें. जेवढें रुंद तेवढेंच उंच असें गाजराचें कांडें घ्यावें आणि माथ्याच्या एका व्यासापासून दोहों बाजूंस तिरपें छाटावें. पाचर तयार, कोडें सुटलें!

या विद्येला शास्त्राचें रूप दिलें फ्रान्समधील गास्पार मोंज यानें. १७४६ सालीं एका व्यापाऱ्याच्या घरीं जन्मलेला हा तरुण मेझिएरच्या लष्करी विद्यालयांत नकाशे काढी. कुलीन नसल्यामुळें अधिकाऱ्यांच्या वर्गांत त्याला प्रवेश नव्हता. शत्रूच्या माऱ्यापासून आडोसा मिळेल असा तट किती उंच बांधावा, हें ठरविण्यास तेव्हां लांबलचक आकडेमोड लागे. मोंजनें तें रेखाकृतीनें झटपट सोडविलें. इतक्या लवकर उत्तर येणें शक्यच नाहीं, म्हणून वरिष्ठ तें तपासावयासही तयार होईनात! अखेर तपासलें, तों बिनचूक.

युक्ति साधी होती. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून एक लंब जमिनीवर व एक भिंतीवर टाकावयाचा. मग भिंत मागें आडवी पाडून दोन्ही आकृति एकाच कागदावर मांडावयाच्या. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही कंपासानें मोजतां येतात.

लष्करानें ही पद्धति गुप्त ठेविली. राज्यक्रांतीनंतर, १७९५ सालीं, पॅरिसमध्यें शिक्षक होऊं पाहणाऱ्यांना मोंजनें ती उघडपणें शिकविली. १७९९ सालीं ग्रंथही निघाला. ज्याला वर्गाबाहेर ठेविलें, त्याचीच विद्या आज वर्गावर्गांतून शिकवितात.