जाताना होणारी गर्दी

मोठा सामना असतो त्या दिवशी रोजच्या लोकल गाड्यांचं काय होतं, हा आजचा विषय. तो जाहीर झाला तेव्हा काही जणांना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवली त्यांनी आगगाड्यांवर कशाला बोलावं? पण गर्दी म्हणजे काय, हा प्रश्न मुळात आमच्याच अंगणातला आहे. युबुलिडीस या ग्रीक विचारवंताच्या नावावर एक कोडं सांगतात. एक दाणा म्हणजे रास नव्हे, दोन दाणे म्हणजेही नव्हे. मग कितवा दाणा टाकला की रास होते? वर्गात आम्ही हे फळ्यावर मांडायचो आणि पोरं जांभया द्यायची. रेल्वेच्या जिन्यावर मात्र त्याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि चुकलं तर माणसं मरतात.

सुरुवात वेम्बलीपासून करू. २८ एप्रिल १९२३. लंडनच्या नव्याकोऱ्या मैदानावर इंग्लंडच्या एफ. ए. कप फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता, बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम. मैदान जेमतेम चार दिवस आधी बांधून पूर्ण झालेलं. आत माणसं मावणार सुमारे १,२७,०००, आणि बहुतेकांना तिकीट दारावरच मिळणार होतं. रेल्वेने आपलं काम चोख केलं होतं. मैदानाला लागून नवं स्थानक आणि वळसा घेऊन परतणारा लोहमार्ग तयार होता, तो नेमका त्याच दिवशी सुरू झाला. भरलेल्या गाड्या येत होत्या, रिकाम्या होऊन जात होत्या. पावणेदोन वाजता मैदान भरलं आणि दारं बंद झाली. तसा निरोप वेगवेगळ्या स्थानकांवर पाठवलाही गेला. तरी माणसं येतच राहिली, कुंपणावरून आत उतरली, खेळपट्टीवर पसरली. किती आली, याचे अंदाज दोन लाखांपासून तीन लाखांपर्यंत आहेत. घोडेस्वार पोलिसांनी, त्यातल्या पांढऱ्या दिसणाऱ्या ‘बिली’ नावाच्या घोड्याने, मैदान मोकळं केलं आणि पाऊण तास उशिरा सामना सुरू झाला. घोडा इतका गाजला की त्या सामन्याला त्याचंच नाव पडलं. कोणी मेलं नाही, हे नशीबच म्हणायचं. पुढच्या वर्षीपासून अंतिम सामन्याची तिकिटं आधीच विकायचं ठरलं.

आता इथे एक बारीक गोष्ट बघा. रेल्वे जितकी चांगली चालली तितकं मैदानापुढचं संकट वाढलं. गाडीचं यश म्हणजे माणूस पोचवणं, पण पोचलेल्या माणसाला पुढे जागा आहे की नाही हे गाडीला कळत नाही. दोन यंत्रणा आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि दोघींच्या मधला माणूस चिरडू शकतो.

वेम्बलीचं संकट येतानाचं होतं. पण इतिहास चाळला तर खरी कसोटी जाताना लागते असं दिसतं. कारण साधं आहे. लोक येतात ते तीन-चार तासांत, सवडीने. निघतात ते एका शिट्टीसरशी.

२ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना झाला. ऐंशी हजारांच्या आसपास प्रेक्षक. शेवटच्या मिनिटांत दोन्ही बाजूंनी एकेक गोल झाला आणि बरोबरी झाली. लोक तेरा नंबरच्या जिन्याने उतरू लागले. हाच जिना का? भुयारी रेल्वेच्या कोपलँड रोड स्थानकाला तो सगळ्यात जवळचा होता. कोणी तरी अडखळलं, वरून लोंढा येतच राहिला. ६६ माणसं गेली, त्यात पुष्कळशी कोवळी पोरं होती. पुढे कित्येक वर्षं लोक सांगायचे की शेवटचा गोल ऐकून निघालेले प्रेक्षक मागे वळले आणि दोन लोंढे एकमेकांवर आदळले. चौकशीत ते टिकलं नाही. सगळे एकाच दिशेने, घराकडे, चालले होते. याच जिन्यावर १९६१ मध्येही दोघांचा जीव गेला होता, म्हणजे सूचना दहा वर्षं आधी मिळाली होती. मागे वळलेल्या लोकांची ती गोष्ट इतकी टिकली याचं आम्हाला नवल वाटत नाही. गर्दीत माणूस मेला की आपल्याला गर्दीचा काही तरी अपराध हवा असतो. जिना अरुंद आणि उतरता होता, एवढं उत्तर मनाला पुरत नाही.

अमेरिकेत जॉन फ्रुइन नावाचे अभियंते होऊन गेले. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या पोर्ट अथॉरिटीत काम करताना त्यांनी चालणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. त्यांनी लिहून ठेवलंय की चौरस मीटरमागे सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी जवळजवळ द्रवासारखी वाहू लागते. मग कोणी ढकलत नसतं आणि कोणाला थांबताही येत नसतं. युबुलिडीसच्या कोड्याला इतकं रोखठोक उत्तर आमच्या कुठल्या गुरुजींनी दिलं नव्हतं.

आणि गंमत, म्हणजे दुःखद गंमत अशी की पुढची गोष्ट फ्रुइन यांच्याच मुलखातली आहे. २ फेब्रुवारी २०१४, न्यू जर्सीतलं मेटलाइफ मैदान, अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, ज्याला ते सुपर बोल म्हणतात. ‘सार्वजनिक वाहतुकीने जायचा पहिला सुपर बोल’ अशी त्याची जाहिरात झाली होती. मैदानाशेजारी २००९ पासून रेल्वे स्थानक आहे, पण न्यूयॉर्कहून थेट गाडी नाही. सगळ्यांना सिकॉकस या जंक्शनवर उतरून गाडी बदलावी लागते. रेल्वेने बारा ते पंधरा हजार प्रवासी धरले होते. गेले सुमारे २८,००० आणि परतले सुमारे ३३,०००.

हा आकडा आकाशातून पडला नव्हता. सुरक्षेसाठी नेहमीच्या २८,००० गाड्यांच्या वाहनतळापैकी जेमतेम १३,००० जागा ठेवल्या होत्या. पायी जायला बंदी. टॅक्सीने दारात उतरायला बंदी. खास बसचं तिकीट ५१ डॉलर, आणि रेल्वे त्या मानाने पुष्कळ स्वस्त. एकेक दार बंद करत गेलात की उरलेल्या दारात सगळे येणार, याला तर्कशास्त्राची पदवी लागत नाही. अंदाज बांधणाऱ्यांनी मागची सवय मोजली आणि दारं मोजायची राहिली, असं आमचं मत आहे.

दुपारी सिकॉकसला काय झालं? फेब्रुवारीची थंडी म्हणून लोक जाड कोट घालून आलेले. मैदानाच्या गाडीत चढण्याआधी झडती. रांग पुढे सरकेना आणि मागून न्यूयॉर्कच्या गाड्या माणसं ओततच होत्या. म्हणजे वेम्बलीच पुन्हा. कोंदट जागेत काही जण भोवळ येऊन कोसळले. रात्री सामना ४३-८ असा एकतर्फी संपला. मैदानातून सूचना दिली गेली की स्थानकावर गर्दी आहे, इथेच थांबा. त्या मार्गावरून ताशी दहा-बारा हजार माणसंच नेता येतात. ३३,००० ला तीन तास, हा हिशेब पाचवीतल्या पोराने केला असता. बस मागवाव्या लागल्या आणि शेवटची माणसं निघेपर्यंत मध्यरात्र उलटली.

मग हे कोणाला जमलंच नाही का? जमलं. २००० साली सिडनीला. ऑलिम्पिक पार्कचं स्थानक १९९८ मध्येच सुरू केलं आणि त्या वर्षीच्या ईस्टर जत्रेत, माणसं खरी पण दडपण कमी, अशा वेळी तपासून घेतलं. मार्ग वळशाचा, त्यामुळे इंजिनाचं तोंड फिरवायची भानगड नाही. एका बाजूने उतरायचं, दुसऱ्या बाजूने चढायचं. तासाला ५०,००० माणसं नेण्याची आखणी होती. प्रेक्षकांसाठी वाहनतळ नाही हे तिथेही होतंच, पण सामन्याच्या तिकिटातच प्रवास धरलेला होता. म्हणजे दार बंद करणारे आणि उरलेलं दार रुंद करणारे एकाच टेबलावर बसले होते. शाळांच्या सुट्ट्यासुद्धा त्या काळात आणल्या. हे सगळं सुखासुखी झालं असं मात्र समजू नका. डिसेंबर १९९९ मध्ये ग्लेनब्रूकला लोकल आदळून सात जण मेले होते. ऑलिम्पिकमध्ये ही रेल्वे तोंडघशी पडणार असं शहर उघड बोलत होतं.

आपल्या मुंबईत वानखेडे मैदान पश्चिम रेल्वेच्या रुळांना खेटून उभं आहे, चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मध्ये. जगात फार थोड्या मैदानांना असा शेजार लाभला असेल. मधे गाडी बदलायची नाही, फेऱ्या भरपूर, तीस-बत्तीस हजार प्रेक्षक म्हणजे चर्चगेटला काहीच नाही. सामन्याच्या दिवशी हे निभतं, कारण तिकिटं मोजलेली असतात. पण ४ जुलै २०२४ ला तिकीटच नव्हतं. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची उघड्या बसमधून मिरवणूक नरिमन पॉइंटहून वानखेडेपर्यंत, आत प्रवेश फुकट, आणि वार गुरुवार. पाचला निघायची मिरवणूक साडेसातच्या सुमारास निघाली. म्हणजे येणारा लोंढा वाढत गेला तो नेमका कचेऱ्या सुटण्याच्या वेळी, आणि एकाच स्थानकात एक गर्दी बाहेर पडत होती, दुसरी आत शिरत होती. काही जणांना गुदमरून, काहींना मार लागून रुग्णालयात न्यावं लागलं. संध्याकाळी पोलिसांनी मोबाइलवरून कळवलं की मरीन ड्राइव्हकडे येऊ नका. १९२३ साली स्थानकांवर गेलेला निरोपही हाच होता. तो ज्यांच्यासाठी होता ती माणसं तेव्हाही गाडीत बसलेली होती, आणि चर्चगेटच्या गाडीतून उतरायचं तर पुढे चर्चगेटच असतं.