ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल

बेल्जममधील लिएज शहरालगत हेरस्ताल येथे असलेल्या फाब्रिक नास्योनाल या शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यात सिद्ध झालेले, ९ मिमी. पॅराबेलम काडतूस वापरणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल. बेल्जियन सैन्याने ते १९३५ साली स्वीकारले आणि त्यानंतरच्या अर्धशतकात पन्नासाहून अधिक देशांच्या फौजांच्या शस्त्रागारांत त्याचा प्रवेश झाला. नळीची लांबी सुमारे ११८ मिमी., रिकाम्या पिस्तुलाचे वजन एक किलोग्रॅमच्या आत-बाहेर, मॅगझिनची धारणशक्ती १३ काडतुसांची. चाप एकदा ओढला असता एकच गोळी सुटावी, परंतु रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, घोडा पुन्हा चढवणे आणि पुढचे काडतूस नळीच्या कोठडीत सारणे ही तिन्ही कामे शस्त्राने आपण होऊन उरकावीत, अशी या वर्गातील पिस्तुलांची रीत असून, हाय-पॉवरमध्ये ती जितक्या थोड्या भागांनी साधली आहे तितक्या थोड्या भागांनी ती त्यापूर्वी क्वचितच साधली गेली होती.

पिस्तुलाला नाव मिळाले ते जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकन शस्त्रसंशोधकाचे. यूटा प्रांतातील ऑग्डेन गावी, वडिलांच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात ज्याचे हात तयार झाले, त्या ब्राउनिंगने आपली पिस्तुले अमेरिकेत कोल्ट कंपनीला आणि युरोपात हेरस्तालच्या कारखान्याला देण्याचा शिरस्ता ठेवला होता. अमेरिकन सैन्याने १९११ साली मंजूर केलेले आणि १९८५ पर्यंत अधिकृत सेवेत राहिलेले .४५ बोअरचे कोल्ट पिस्तूल ही त्याचीच निर्मिती. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याने अधिक काडतुसे मावणाऱ्या नव्या पिस्तुलाची मागणी नोंदवली, तेव्हा त्याने हेरस्तालसाठी जो आराखडा केला त्याचे अमेरिकन पेटंट १९२७ साली मंजूर झाले. परंतु ते पाहावयास तो हयात नव्हता, कारण नोव्हेंबर १९२६ मध्ये लिएज येथेच त्याचे निधन झाले होते. अपुरे राहिलेले काम त्याचा बेल्जियन सहकारी द्यूदोने सेव्ह याने पुढे चालवले. कोल्टच्या जुन्या पेटंटांची मुदत १९२८ साली संपताच त्यांतील सोयीच्या कल्पना त्याने निःसंकोचपणे आराखड्यात घेतल्या, ब्राउनिंगच्या मूळ नमुन्यातील आत दडलेल्या आघातयंत्रणेऐवजी बाहेर दिसणारा घोडा बसवला आणि मॅगझिनची कल्पना तर मुळातच त्याची होती. ज्या फ्रेंच सरकारच्या मागणीतून हा सारा खटाटोप उद्भवला त्याने अखेर निराळेच पिस्तूल पत्करले. पिस्तुलावर नाव ब्राउनिंगचे कोरले गेले खरे, परंतु ते हातात घेणाऱ्याला जे जे प्रथम जाणवते, त्यातील निम्म्याहून अधिक श्रेय सेव्हच्या पदरी घातले पाहिजे, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

रचना व कार्य : गोळी पुढे सुटताना शस्त्र मागे रेटले जाते, हा पदार्थविज्ञानाचा नियम रिव्हॉल्व्हरमध्ये केवळ चालवणाऱ्याच्या मनगटाला सोसावा लागतो, अर्धस्वयंचलित पिस्तुलात तोच धक्का कामाला जुंपलेला असतो. अडचण एवढीच, की तो लगेच कामाला लावता येत नाही. ९ मिमी.चे काडतूस पेटल्यावर नळीत वातावरणाच्या दाबाच्या दोन हजार पटींहून अधिक दाब उत्पन्न होतो, आणि गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच जर नळीचे मागले तोंड उघडले, तर पुंगळी फुटून तो दाब चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे यावयाचा. गोळीला नळी ओलांडण्यास सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी अवधी लागतो. तेवढा वेळ मागले तोंड घट्ट मिटलेले राहावे आणि त्यानंतर मात्र ते आपण होऊन उघडावे, ही या वर्गातील सर्व पिस्तुलांची मूळ समस्या आहे, आणि पिस्तुलांचे प्रकार म्हणजे बव्हंशी या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत. .३२ बोअरसारख्या सौम्य काडतुसांच्या पिस्तुलांत नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यानेच हा विलंब साधतो. लष्करी ताकदीच्या काडतुसाला तेवढे पुरत नाही, तेथे नळी व स्लाइड एकमेकींत अडकवावी लागते.

हाय-पॉवरमध्ये ही अडकवण नळीच्या पाठीवर कोरलेल्या दोन आडव्या कंगोऱ्यांनी होते. स्लाइडच्या आतल्या बाजूस त्यांना जुळणाऱ्या खाचा असून, स्लाइड पुढे असताना हे कंगोरे त्या खाचांत बसलेले असतात. गोळी सुटली की नळी व स्लाइड एकजीव झाल्याप्रमाणे काही मिलिमीटर मागे सरकतात; तोवर गोळी बाहेर पडून दाब ओसरलेला असतो. मग नळीच्या बुडाशी असलेला तिरकस खाचेचा ठोकळा चौकटीतल्या आडव्या पोलादी दांडीवर आदळतो, त्या तिरपेपणामुळे नळीचे मागले टोक खाली ओढले जाते, कंगोरे सुटतात, नळी जागीच थबकते आणि स्लाइड एकटी मागे जाते. स्लाइडच्या तोंडाशी असलेला एक्स्ट्रॅक्टर हा आकडा पुंगळीची कडा धरून तिला ओढून काढतो. चौकटीवरचा इजेक्टर तिला ठोकर देऊन उजव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर उडवतो. मागे येणारी स्लाइड घोड्याला आडवा पाडून चढवते. एवढ्यात नळीखालची दाबली गेलेली स्प्रिंग उलटते, स्लाइड पुढे धावताना मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस खरवडून नळीच्या कोठडीत ढकलते, आणि शेवटच्या टप्प्यात नळीचे बूड वर उचलले जाऊन कंगोरे पुन्हा आपापल्या खाचांत बसतात. १९११ च्या कोल्टमध्ये नळी खाली ओढण्याचे काम एका लहानशा झुलत्या कडीकडे सोपवलेले होते. येथे ती कडी गाळून तिच्या जागी नळीच्याच अंगचा ठोकळा आला. झिजणारा, तुटणारा एक सुटा भाग त्यामुळे कमी झाला, आणि पुढच्या बहुतेक सर्व लष्करी पिस्तुलांनी हाच मार्ग पत्करला. फरक एवढाच, की सिग, ग्लॉक इत्यादींनी दोन कंगोऱ्यांऐवजी नळीच्या मागल्या चौकोनी भागालाच पुंगळीच्या खिडकीत अडकवण्याची अधिक स्वस्त तजवीज केली.

हाय-पॉवरची खरी कीर्ती मॅगझिनवर उभी आहे. त्यात काडतुसे दोन ओळींत एकाआड एक रचलेली असतात. परंतु वरच्या तोंडाशी पत्र्याच्या भिंती आत वळत गेल्यामुळे दोन ओळींची एक ओळ होते आणि काडतूस नेहमी मध्यातूनच वर येते. या योजनेमुळे मूठ फारशी फुगली नाही व ७ काडतुसांच्या कोल्टच्या काळात १३ काडतुसे एका मुठीत मावली. मूठ इतकी सुबक, की लहान हाताच्या माणसालाही ती परकी वाटत नाही. शेवटचे काडतूस संपले की मॅगझिनमधला, काडतुसे वर ढकलणारा पोचक स्लाइडचा अडसर वर उचलतो, स्लाइड मागेच अडकून राहते आणि चालवणाऱ्याला न सांगता कळते.

मात्र याच मॅगझिनच्या संदर्भात एक दोष आराखड्यात शिरला. मॅगझिन बाहेर असताना चाप निष्क्रिय व्हावा, या हेतूने चापाच्या पाठीमागे एक स्प्रिंगवरची खुंटी बसवली गेली, जी मॅगझिनच्या पुढल्या भिंतीला सतत घासत राहते. परिणामी चाप जड व खरखरीत झाला, आणि मॅगझिन सोडण्याचा खटका दाबला तरी ते आपसूक खाली पडेनासे झाले. नोंदकर्त्यास ही सोय कधीच पटलेली नाही: मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल निर्धोक झाले, हा जो घातक समज शिकाऊ माणसाच्या डोक्यातून काढून टाकण्यासाठी प्रत्येक शिक्षक खस्ता खातो, त्याच समजाला ही यंत्रणा खतपाणी घालते. ओल्या बोटांना नीट न सापडणारा जुन्या नमुन्यातील चिमुकला सुरक्षा-खटका आणि चालवणाऱ्याच्या अंगठा व तर्जनीमधील त्वचेला चिमटा काढणारा गोल कडीचा घोडा, हे आणखी दोन दोष पुढील आवृत्त्यांत दूर झाले.

प्रकार : आरंभीच्या काही पिस्तुलांवर ५०० मीटरपर्यंतच्या खुणा असलेली चढउताराची मागली माशी आणि मुठीच्या पाठीशी लाकडी दस्ता अडकवण्याची खाच असे, ५०० मीटरवर पिस्तुलाने नेम साधण्याची ही उमेद आज वाचताना हसू येते, पण त्या काळी ती गंभीरपणे बाळगली गेली होती. १९४० साली जर्मन सैन्याने बेल्जम व्यापल्यावर हेरस्तालच्या कारखान्यातून हेच पिस्तूल जर्मन फौजांसाठी तयार होऊ लागले. उलट बाजूस, सेव्ह निसटून इंग्लंडात पोचला आणि कॅनडातील टोरोंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने १९४४ पासून चिनी, कॅनेडियन व इतर दोस्त फौजांसाठी त्याचे उत्पादन सुरू केले. एकच पिस्तूल एकाच युद्धात दोन्ही पक्षांच्या कमरेला लटकण्याचा असा योग विरळा. पुढे घोडा आपोआप चढवणारा दुहेरी क्रियेचा चाप, .४० बोअर, आघातपिनेला रोखणारी अंतर्गत सुरक्षा इत्यादी सुधारणांसह अनेक आवृत्त्या निघाल्या. ब्रिटिश लष्कराने २०१३ साली ग्लॉक १७ची निवड करून हाय-पॉवरला निरोप दिला, आणि २०१७ च्या सुमारास मूळ कारखान्यातील उत्पादनही थांबले; २०२२ साली त्याच कंपनीने तशाच नावाचे जे पिस्तूल बाजारात आणले, त्याची अंतर्गत रचना पुष्कळ अंशी नवी आहे.

भारतात हे पिस्तूल कोलकात्यानजीकच्या इशापूर येथील सरकारी रायफल कारखान्यात ‘पिस्टल ऑटो ९ मिमी. १ए’ या नावाने तयार होते. त्याची वंशावळ हेरस्तालपेक्षा टोरोंटोच्या इंग्लिस नमुन्याशी जुळते. सैन्यातील व पोलीस दलांतील अधिकाऱ्यांच्या पट्ट्याला दिसणारे ओबडधोबड, काळपट पिस्तूल बहुधा हेच असते. सामान्य नागरिकाला मात्र ते बाळगता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्यवस्थेत ९ मिमी. हे निषिद्ध बोअर असून परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल मर्यादा तीनांवरून दोनांवर आली. लहान शस्त्रांची काडतुसे तयार करणाऱ्या सरकारी कारखान्यांपैकी खडकी व वरणगाव हे दोन महाराष्ट्रात आहेत.

निगा : कोणतेही काम करण्यापूर्वी आधी मॅगझिन काढावे आणि मगच स्लाइड मागे ओढून कोठडीत डोळ्यांनी व बोटाने काडतूस नसल्याची खात्री करावी. हा क्रम उलटला, तर स्लाइड सोडताच मॅगझिनमधले काडतूस पुन्हा नळीत जाते आणि रिकामे समजलेले पिस्तूल भरलेले ठरते. ‘चुकून गोळी सुटली’ अशा मथळ्याखाली येणाऱ्या कित्येक बातम्यांच्या मुळाशी हीच उलटापालट असते. यानंतर स्लाइड मागे ओढून सुरक्षा-खटका तिच्या खाचेत अडकवला असता स्लाइडचा अडसर उजवीकडून दाबून डावीकडे काढता येतो; खटका सोडून स्लाइड पुढे काढून घेतली की स्प्रिंग, तिची दांडी व नळी हाती येतात. रोजच्या सफाईसाठी याहून अधिक उकल करण्याचे कारण नाही, आणि हौसेने पेचकस घेऊन घोड्याच्या यंत्रणेत शिरणाऱ्याने ती पुन्हा जोडण्यासाठी शस्त्रागारातील आर्मोररकडे जाण्याची मानसिक तयारी ठेवावी.

नळी मागल्या तोंडाकडून पुढे घासावी, म्हणजे गोळीला दिशा देणाऱ्या पुढल्या कडेला ब्रशाची दांडी लागत नाही. त्यामागून चिंदी फिरवावी आणि ती स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहावे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, ज्याच्या ज्वलनातून उरणारा क्षार हवेतील ओल शोषून एका रात्रीत नळी गंजवतो. तो तेलात विरघळत नसल्याने अशी काडतुसे वापरल्यावर आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून, मगच तेल द्यावे लागते. तेलाच्या बाबतीत मात्र बहुतेकांचा हात नको तितका सढळ असतो. स्लाइड जेथे चौकटीवर घसरते ते कंगोरे, नळीची बाहेरची बाजू आणि बुडाचा ठोकळा एवढ्यांवर पातळ थर पुरे. आघातपिनेच्या बोगद्यात तेल साचल्यास त्यात धूळ व काजळी जमून चिकटा तयार होतो आणि पिन मंदावते, तर काडतुसाच्या टोपीपर्यंत झिरपलेले तेल ते काडतूसच निकामी करू शकते.

कोकणच्या पावसाळ्यात पोलादाचा निळा मुलामा गंजाला फार काळ थोपवू शकत नाही. त्यातही चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवून देण्याची सवय सर्वांत घातक, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये धातूला खातात. पट्ट्याच्या चामडी कप्प्यांत महिनोन्‌महिने राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट कळंक चढतो तोही याचमुळे. पिस्तूल कोरड्या पेटीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि पावसाळ्यात ते न वापरताही अधूनमधून काढून पुसावे.

पिस्तूल अडखळू लागले की दोष बहुधा नळीवर ढकलला जातो; वस्तुतः तो बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये असतो. त्याच्या वरच्या पत्र्याचे ओठ जमिनीवर पडून किंचित जरी वाकले, तरी काडतूस तिरपे येते व स्लाइड मध्येच अडते. जुन्या हाय-पॉवरमध्ये कोठडीकडे जाणारा उतार मधोमध फुगीर असल्याने पोकळ नाकाच्या गोळ्या तेथे अडखळत, ही गोष्ट वेगळी; पण गोल नाकाच्या लष्करी काडतुसाने अडावयास लागलेल्या पिस्तुलाचे मॅगझिन आधी बदलून पाहावे. पुंगळ्या पायाशीच पडू लागल्या तर एक्स्ट्रॅक्टरची धार व त्याची स्प्रिंग तपासावी, आणि त्या नेहमीपेक्षा फार दूर उडू लागल्या तर नळीखालची मुख्य स्प्रिंग थकली असे समजावे. थकलेली स्प्रिंग वेळीच बदलली नाही, तर स्लाइड प्रत्येक गोळीमागे चौकटीवर अधिकाधिक जोराने आदळत राहते, आणि वर सांगितलेल्या आडव्या दांडीच्या आसपास चौकटीला बारीक तडे जाऊ लागतात. असे तडे दिसलेली चौकट दुरुस्तीला न पाठवता थेट बाद करतात.