चांदी, अंधार आणि साक्षीदार

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर एखादा राणीछाप रुपया मांडलेला नाही, असे घर आमच्या जुन्या नाशकात शोधूनच काढावे लागेल. वाडा गेला, ओटी गेली, चुलीच्या जागी गॅस आला; पण तो रुपया वर्षातून एकदा चिंचेने उजळून, कुंकवाने माखून पुन्हा डब्यात जाऊन बसतो. आपल्या माणसांचा चांदीवर जीव आहे तो असा. आणि जिथे जीव गुंतला तिथे ठक आलाच. 2025 साली चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या पुढे गेला. भाव असा चढला, की कानाशी लागून बोलणारा कोणीतरी निघतोच : "बाजारभावापेक्षा थोडी उतरून देतो, पण गोष्ट आपल्याआपल्यात राहू द्या." माणूस अनोळखी असतो. चांदी मात्र डोळ्यांपुढे लखलखत असते.

हा प्रसंग आजचा वाटतो, पण त्याचे वय फार मोठे आहे. परक्या माणसाच्या हातात चांदी द्यावी कशी आणि त्याच्या हातून घ्यावी कशी, या प्रश्नाला आपल्या नाशकाने दोन हजार वर्षांपूर्वी दिलेले उत्तर दगडात कोरलेले आहे. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत गेलात, तर क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख भिंतीवर दिसतील. त्यांपैकी एकात त्याने तीन हजार कार्षापणांच्या ठेवीची हकीकत सांगितली आहे. कार्षापण म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे. हा पैसा त्याने गोवर्धन गावच्या, म्हणजे इथल्याच, कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवला : दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने, एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कोणी उचलायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत अशी योजना होती. शाळामास्तराच्या खोडीने मी हा हिशेब करून पाहिला. शेकडा एक दराने दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बाराप्रमाणे दोनशे चाळीसच. दोन हजार वर्षांत एका कार्षापणाची चूक निघत नाही!

पण मला त्या लेखातली खरी मोलाची ओळ वेगळीच वाटते. हे सर्व निगमसभेत, म्हणजे गावच्या व्यापारीमंडळीच्या सभेत, वाचून ऐकवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवून ठेवले, असे त्यात सांगितले आहे. राजाचा जावई तो! कोष्ट्यांना दरडावून पैसा सांभाळायला लावणे त्याला अवघड नव्हते. तरीही त्याने चार लोकांच्या कानांवर घातले, फळीवर लिहिले आणि वर दगडात कोरून घेतले. चांदी त्याची आणि सत्ताही त्याच्याच घरची, पण भरवसा मात्र त्याने साक्षीदारांवर ठेवला.

याच नहपानाच्या चांदीचे पुढे काय झाले, तेही आपल्या जिल्ह्यातच सापडले. 1906 साली सिन्नर तालुक्यात, गोदाकाठच्या जोगलटेंभी गावी, चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा हाती लागला. नाणी तेरा हजारांहून अधिक, एकेक जेमतेम दोन ग्रॅमचे. एका बाजूला नहपानाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा डोंगर उमटला आहे. वाटले असते तर त्याने ती आटवून नवी नाणी पाडली असती. पण चांदीत खोट नव्हती, नुसती हमी बदलायची होती. 'हे नाणे चालेल' असे आता कोण म्हणतो, एवढेच लोकांना कळायला हवे होते, आणि त्याला हातोड्याचा एक घाव पुरला. त्याहूनही जुन्या आहत नाण्यांवर राजचिन्हांखेरीज बारीकबारीक जादा ठसे आढळतात. ते सराफांच्या पारखीचे असावेत, असे नाण्यांचे अभ्यासक मानतात. ज्याच्या हातून नाणे गेले, त्याने त्यावर जणू आपली सही केली.

पेशवाईत तर या पारखीवाचून पान हलत नसे. सुरती, अंकुशी, मल्हारशाही, आपल्या चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, असे नाना जातींचे रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचा कस वेगळा आणि बट्टाही वेगळा. म्हणून गावोगाव नाणी पारखणारा पोतदार असे. पोतदार, सराफ, पारख ही आडनावे त्या धंद्यांचीच. पुढे 1835 साली कंपनी सरकारने सर्वत्र एकच रुपया केला : वजन एकशेऐंशी ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. नाणे तेच वजन झाले. तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकून दुसऱ्यात चांदी तोलता येऊ लागली. या सुखाने लोक थोडे सैलावलेही असतील. कारण 1940 साली युद्धाच्या धामधुमीत सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 मध्ये निकेलचा रुपया काढला. राणीछाप आणि चाळिसातला रुपया दिसायला भावंडे, पण आटवल्यावर एक अकरा मासे निघतो आणि दुसरा जेमतेम सहा. 'जुने रुपये' म्हणून गाठोडे घेणाऱ्याने साल वाचावे ते एवढ्यासाठी.

धातूची परीक्षा घरी कितपत करता येते, असे पुष्कळजण विचारतात. आर्किमिडीजची गोष्ट शाळेत आपण सर्वांनी ऐकलेली असते. शंभर ग्रॅमची शुद्ध चांदीची लगड पाण्यात बुडवली, तर साडेनऊ ग्रॅम पाणी बाजूला सारते. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाचे, चांदीचा कणही नसलेले 'जर्मन सिल्व्हर' तेवढ्याच वजनाला साडेअकरा सारते. शिसे चांदीहून जड, तांबे हलके. म्हणून लबाड माणूस दोहोंचा मेळ घालून वजनही जमवू शकतो आणि वरून चांदीचे पाणी चढवतो. लोहचुंबकाने लोखंड कळते, शिसे कळत नाही. नाद ऐकून सांगणारे कान आता फार थोडे उरले आहेत. लगडीला आरपार छिद्र पाडून, आतला चुरा घेऊन, तो आटवून टंच काढणे, हाच भरवशाचा मार्ग, आणि तो सराफाच्या किंवा टंच काढणाऱ्याच्या दुकानातच होतो. चांदीवर हॉलमार्कची शासकीय सोय 2005 पासून झाली आहे. पण ठसाही खोटा मारता येतो, हे विसरून चालणार नाही.

ठकांची आवडती युक्ती मात्र धातूच्या पलीकडची आहे. पाया खणताना हंडा सापडला, असे सांगून गावाकडचा वाटणारा एखादा गरीब चेहरा दोन रुपये हातावर ठेवतो. 'सराफाला दाखवून या' असेही वर म्हणतो. सराफ सांगतो, खरे आहेत. ते खरेच असतात! खोटे असते ते दुसऱ्या दिवशीचे गाठोडे. कधी गाठोडेही नसते. पैसे घेऊन आडरानात बोलावलेल्या माणसाला तिथे काठ्या भेटतात, नाहीतर खोटे पोलीस. आणि हंडा खराच निघाला असे क्षणभर धरले, तरी 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. तो परस्पर विकणारा विक्रीच्या क्षणीच कायद्याबाहेर गेलेला असतो.

इथेच प्रश्नाचे खरे टोक आहे. खोटी चांदी मिळाली तर पैसे जातात. खरी मिळाली, आणि ती चोरीची निघाली, तर अब्रू जाते. आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे पक्के ठाऊक होते. कौटिल्याने सोनारांसाठी दंड सांगितले आहेत. संशयित माणसाकडून वर्दी न देता सोने-चांदी आहे त्या रूपात घेतली तर बारा पण, रूप बदललेली घेतली तर चोवीस, चोराच्या हातून घेतली तर अठ्ठेचाळीस. आणि लपूनछपून, रूप पालटलेली, हलक्या भावाने घेतली, तर चोरीचीच शिक्षा. याज्ञवल्क्याने तर ग्राहकालाच धरले आहे. जिच्यापाशी असा माल असण्याचा संभव नाही अशा व्यक्तीकडून, एकांतात, कमी किमतीला, अवेळी जो घेतो, तो त्याच्या मते चोरच. मात्र ज्याच्याकडून घेतले त्याला हजर करून दाखवले, तर घेणारा सुटतो. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात 'मिताक्षरा' लिहिली आणि आपल्या मुलखात तिलाच प्रमाण मानले गेले. तिकडे इंग्लंडात उलट टोकाची मौज होती : उघड्या बाजारात, सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या मध्ये, सचोटीने घेतलेला माल चोरीचा निघाला तरी घेणाऱ्याचाच राही. हा रिवाज 1994 च्या कायद्याने मोडला. आपल्याकडे चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा 1860 च्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेतही तो आहे. आणि अजाणता घेतला तरी मूळ धनी दाराशी आला, की चांदी त्याच्या स्वाधीन करावी लागते.

तरीपण प्रत्येक अनोळखी विकणारा चोर असतो असे मी म्हणणार नाही. घरातले ताट-वाटी-तांब्या मोडायची वेळ आलेला माणूस बहुधा दिवसाउजेडी बाजारात यायला लाजतो. जुन्या वाड्यांतून असे व्यवहार मागच्या दाराने होत. पण तेव्हा मध्ये एक माणूस असे, दोन्ही घरे ओळखणारा. अशा विकणाऱ्याला आडबाजूला गाठून भाव पाडण्यापेक्षा, "चला, दोघे मिळून सराफाकडे जाऊ, छिद्र पाडू, तोलू, त्याच्यापुढे लिहून घेऊ आणि पैसे बँकेतून देऊ," असे म्हणावे. 2017 पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम एका व्यवहारात स्वीकारण्याला कायद्याने बंदीच आहे. प्रामाणिक माणसाला यात सोय वाटते, कारण त्यालाही भाव खरा मिळतो आणि उद्या त्याच्यावर कोणी आळ घेत नाही. तो लाजत असेल तर पायरी चढताना क्षणभर थबकेल, पण येईल. ठकाला त्याच क्षणी दुसरे काम आठवते.

आमचा सराफ बाजार नदीला लागून आहे. गोदेला पूर आला की पाणी आधी तिथे शिरते. 2008 मध्ये शिरले, 2016 मध्येही शिरले. पाणी चढू लागले, की काय उचलून वर न्यायचे, हे तिथल्या माणसांना सांगावे लागत नाही. चांदी आणि वह्या. आता हिशेब संगणकावर असतात, तरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लाल कापडात बांधलेली चोपडी पाटावर येतेच, राणीछाप रुपयाच्या शेजारी. निगमसभेतल्या त्या फळीची ही नात. पाडव्याला तिचे पहिले पान उघडते : नाव, गाव, वजन, भाव, आणि खाली घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या सह्या.