ग्वाल्हेरच्या उन्हाला पुरून उरणारे घर

राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग मानले आहेत. गोवा त्यांपैकी उष्ण-दमट विभागात मोडतो, तर ग्वाल्हेर संमिश्र विभागात. ‘संमिश्र’ हा शब्द सौम्य वाटला, तरी तेथील घराची परीक्षा कठोर असते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि ‘लू’ म्हणून ओळखले जाणारे कोरडे वारे वाहतात. पावसाळ्यात हवा आपल्याकडच्यासारखीच चिकट होते आणि जानेवारीच्या पहाटे तापमान पाच अंशांच्या खाली उतरू शकते. कमी ऊर्जेत राहता येईल असे घर तेथे कसे बांधावे, याचा विचार केला की आपल्या घरांकडेही नव्याने पाहता येते.

दौलतराव शिंदे यांची छावणी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. पाटणकर बाजार, फालका बाजार ही तेथील नावे मराठी सरदारांची आठवण देतात. महाराज बाडा यातील ‘बाडा’ म्हणजे आपला वाडाच. जाड दगडी भिंती, मध्ये चौक आणि वर वालुकाश्माच्या पटियांचे छत, ही या भागातील जुन्या घराची ओळखीची घडण. दगड जवळच्याच खाणींतला. भट्टीत भाजावा लागत नाही आणि लांबून आणावा लागत नाही, हा त्याचा पर्यावरणाच्या दृष्टीने मोठा गुण.

मात्र दगडाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दगड उष्णता अडवत नाही. विटेच्या तुलनेत तो ती अधिक सहज वाहून नेतो. जुनी भिंत थंड वाटते ती जाडीमुळे: दुपारचे ऊन आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्र होते. सध्या चार इंची भिंतीवर इंचभर वालुकाश्म चिकटवून घराला ‘पारंपरिक’ म्हणण्याची रीत पडली आहे. ती निव्वळ सजावट होय. शिवाय भिंतीने साठवलेली उष्णता रात्री कुठे तरी सोडावीच लागते. म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची पद्धत होती. आज ते शक्य नसेल, तर रात्री घरातून वारा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या हव्यात आणि सकाळी ऊन चढण्याआधी त्या बंद झाल्या पाहिजेत.

मानसिंह तोमर याने किल्ल्यावर बांधलेल्या मानमंदिरात जमिनीखाली दोन मजले आहेत. काही मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही, हे तत्त्व तेथे पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधिकाळी वापरलेले दिसते. मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्याही पाहण्यासारख्या आहेत. त्या ऊन गाळून घेतात आणि वारा आत सोडतात.

नव्या बांधकामात पहिला खर्च छतावर करावा. ग्वाल्हेर साधारण 26 अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनमधील दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, 87 अंशांवर असतो. सर्वाधिक मारा छतावरच होतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’नुसार छतातून उष्णता झिरपण्याचे प्रमाण दर चौरस मीटरला, दर अंश तापमानफरकामागे 1.2 वॉटपेक्षा अधिक नसावे. उघड्या काँक्रीट स्लॅबचे ते 3 च्या पुढे असते. म्हणजे नुसता स्लॅब टाकून वर वातानुकूलन यंत्र बसवणे ही आयुष्यभराची दंडवसुली आहे. स्लॅबवर दोन इंचांचा उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या फरश्यांचे आवरण दिले, तर मर्यादा सहज पाळता येते. ऐपत नसेल त्याने निदान दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा.

दक्षिणेच्या खिडकीचे गणित सोपे आहे. चार फूट उंचीच्या खिडकीवर, अगदी तिच्या माथ्यालगत, दोन फुटांचे छज्जे काढले, तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचे ऊन काचेवर पडत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य 40 अंशांवर उतरतो आणि अर्ध्याहून अधिक खिडकीतून ऊब आत येते. गोव्यात हे गणित तसेच उचलता येणार नाही. आपल्याकडे एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो आणि हिवाळ्यात उबेची गरजही नसते. आपल्या घराला चारही बाजूंनी सावली आणि अधिक वारा लागतो. संहितेतही हा फरक आहे: उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र संमिश्र विभागात जमिनीच्या निदान 12.5 टक्के, तर उष्ण-दमट विभागात 16.66 टक्के असावे. पश्चिमेची भिंत मात्र दोन्हीकडे वैरीण. तिथे जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली टाकावी, शयनगृह नव्हे.

एप्रिल ते जून ग्वाल्हेरला वाळ्याचे पडदे आणि कूलर उत्तम काम देतात, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाफ होऊन उष्णता शोषते. कूलरला साधारण 200 वॉट पुरतात. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला दीड हजारांच्या घरात लागतात. पण कूलर पाणी पितो आणि पावसाळा लागताच निरुपयोगी ठरतो. गोव्यात तर तो कधीच कामाचा नाही.

पाण्याचा हिशेबही बांधतानाच करावा. ग्वाल्हेरला वर्षाला सुमारे 900 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छतावरून, पाचवा भाग वाया गेला तरी, 72 हजार लिटर पाणी मिळते. हा पाऊस बहुतांशी तीन महिन्यांत येत असल्याने टाकीपेक्षा विहीर वा कूपनलिकेचे पुनर्भरण अधिक परवडते.

सौर पटले सगळ्यांत शेवटी बसवावीत. घराची विजेची गरज आधी कमी केली की लहान संच पुरतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट 30 हजार आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेसाठी एकूण 78 हजार रुपये अनुदान ठरवण्यात आले. एका किलोवॉटला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. ग्वाल्हेरला वावटळींची धूळ बसते, त्यामुळे उन्हाळ्यात पटले वरचेवर पुसावी लागतात; त्यासाठी गच्चीवर नळ आधीच काढून ठेवावा.