सूर्याकडे तोंड करून

भिंतीवरच्या नकाशासमोर एखाद्या मुलाला उत्तर दिशा विचारली, तर पुष्कळदा त्याचे बोट छताकडे जाते. आपण हसतो. पण दिशांची नावे नकाशावरून पडलेली नाहीत. ती माणसाच्या उभे राहण्यावरून पडली आहेत.

सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहू. समोरची ती पूर्व, म्हणजे पुढची, आधीची. 'पूर्वी' आणि 'पूर्वज' याच कुळातले. पाठीमागची ती पश्चिम. 'पश्चात' हा तिचा भाऊबंद. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा. म्हणूनच प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला राहतो आणि आपली दख्खन ही खरे तर 'उजवीकडची' भूमी ठरते! डावीकडच्या दिशेला मात्र हाताचे नाव मिळाले नाही. उत्तर म्हणजे अधिक वरची. तेव्हा छताकडे बोट दाखवणारा मुलगा शब्दार्थाने अगदीच चुकलेला नसतो.

ही रीत केवळ आपली नव्हे. 'येमेन' या अरबी नावाच्या मुळाशी 'उजवा' हाच अर्थ आहे, तर सीरियाकडच्या प्रदेशाचे 'शाम' हे नाव डाव्या बाजूशी जोडलेले आहे. नकाशात उत्तर वर असण्याचाही नियम नव्हता. इंग्लंडमधील हेरफर्डच्या, इ. स. १३०० च्या सुमाराच्या जगाच्या नकाशात वर पूर्व आहे. अल् इद्रिसीच्या ११५४ मधील नकाशात दक्षिण.

पण सूर्याकडे तोंड करण्यात एक अडचण आहे आणि ती आपण शिक्षक वर्गात सहसा सांगत नाही. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या सुमारासच. मुंबईत २१ जूनला तो पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, २२ डिसेंबरला तितकाच दक्षिणेला. शाळा उघडल्यावर हा धडा घेतला, तर मुलांच्या चारही दिशा तेवढ्याच फिरतात.

यज्ञवेदी आखणाऱ्यांना एवढी चूक चालणारी नव्हती. दोन हजार वर्षांहून जुन्या कात्यायन शुल्बसूत्रात त्यावर उपाय आहे. सपाट जमिनीवर काठी रोवायची आणि काठीच्याच उंचीच्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढायचे. सावलीचे टोक सकाळी वर्तुळाच्या आत शिरताना आणि दुपारनंतर बाहेर पडताना परिघावर जिथे टेकते, तिथे खुणा करायच्या. त्यांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. पटांगणात हे सहज करता येते. ढगाळ जूनपेक्षा फेब्रुवारी बरा. काठी मात्र ओळंब्याने तपासून उभी करावी.