वाऱ्याला लगाम



वैशाखातल्या दुपारी पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील कोणत्याही घरात जा. यजमान पाण्याचा तांब्या पुढे करण्यापूर्वी पंख्याचे बटण दाबतो. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या या चिंचोळ्या प्रदेशात उन्हापेक्षा दमटपणाच माणसाला अधिक नकोसा करतो. घाम येतो, पण वाळत नाही. त्यामुळे येथे पंखा ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. परंतु वारा मिळवणे ही एक गोष्ट, आणि हवा तेवढाच वारा मिळवणे ही अगदी निराळी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

वीज येण्यापूर्वी आपल्या देशातील बंगल्यांत आणि कचेऱ्यांत छताला कापडी झालरीचा लांब पंखा टांगीत, आणि त्याची दोरी पडवीत बसलेला नोकर ओढीत असे. वाऱ्याचा वेग त्याच्या दंडातील बळावर अवलंबून. त्याला डुलकी लागली की वारा थांबे. आतून दरडावणी आली की पुन्हा वाहू लागे. आतल्याच्या सुखाची किंमत बाहेरचा मोजीत होता. पुढच्या प्रत्येक टप्प्यावरही हाच प्रश्न विचारला पाहिजे: वारा एकाला मिळतो, त्याची किंमत कोण देतो?

१८८० च्या दशकात अमेरिकेत श्यूलर व्हीलर याने विजेवर चालणारा मेजावरचा पंखा तयार केला. तो एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर चाले. १८८८ च्या सुमारास इटलीतील फेरारिस आणि अमेरिकेतील टेस्ला यांनी उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहातून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्याची युक्ती जगापुढे मांडली. मात्र घरात येणारी वीज एकाच फेजची असते. तिचे क्षेत्र फिरत नाही, नुसते धडधडते. अशा मोटारीला वीज दिली तर ती गुणगुणत राहते, जागची हलत नाही. हाताने ढकलावी त्या दिशेने मात्र फिरू लागते. हा हाताचा धक्का देण्याचे काम दुसरे वेटोळे आणि त्याच्या जोडीला बसवलेला लहानसा कपॅसिटर करतो. आपल्याकडे पंखा अडला की ‘कंडेन्सर गेला’ म्हणतात, तो हाच.

आता वेगाचा विचार करू. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. १४ ध्रुवांच्या पंख्यात तिचे क्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेते आणि पाती त्याच्या थोडी मागे राहून फिरतात. म्हणजे वेगाची नाडी वीजकेंद्राच्या हाती. घरधन्याच्या हाती नव्हे. मग भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काय करीत असे? तो तारेच्या वेटोळ्यांनी विजेचा दाब कमी करून मोटारीला अशक्त करीत असे. धावत्या बैलाला कासरा ओढून थांबवण्याऐवजी उपाशी ठेवून मंद करावे, तसाच हा प्रकार!

त्यात हानी मोठी. वाऱ्याचे शास्त्र सांगते की पात्यांचा वेग निम्मा केला तर त्यांना लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. ही बचत ग्राहकाच्या पदरात पडावयास हवी होती. पण तिचा मोठा भाग रेग्युलेटरच्या पेटीत आणि मोटारीच्या पोटात उष्णता होऊन जाई. गारवा मागणाऱ्याच्या खोलीतच ऊब वाढे.

गोव्याच्या दृष्टीने ही हानी क्षुल्लक नव्हे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ मध्ये तेथे सरकारी वीजखाते स्थापन झाले. परंतु गोव्याला स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या केंद्रांतून, कोळसा जाळून केलेली वीज तेथे येते. डिचोलीतील रेग्युलेटर तापतो तेव्हा छत्तीसगडच्या कोळशाचा धूर झालेला असतो. दोरी ओढणारा पडवीतून उठला खरा, पण तो नाहीसा झाला नाही. फार दूर जाऊन बसला.

शिवाय तारेच्या टोकाला असलेल्या घराचे दुःख वेगळे. तेथे विजेचा दाब उतरला की पंख्याचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मग बटण पाचावर ठेवूनही वारा दोनाचाच!

१९६० नंतरच्या दशकांत अर्धवाहकांचे युग आले. ट्रायॅकच्या रेग्युलेटरने उष्णता वाचवली, पण विजेची लाट मध्येच कापल्यामुळे मंद वेगात पंखा घुमू लागला. कपॅसिटरच्या रेग्युलेटरने ती कुरकुर शमवली; पण दाबाचे पारतंत्र्य तसेच राहिले. खरा पालट अलीकडचा आहे. मुंबईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या दोघा तरुणांनी २०१२ मध्ये स्थापलेल्या ॲटमबर्ग कंपनीने आणि तिच्यासारख्या इतरांनी कायम चुंबकांच्या मोटारीचे पंखे घरोघर नेले. गोव्यात बेतोडा व कुंडई येथे पंख्यांचे कारखाने उभारणाऱ्या क्रॉम्प्टननेही ही वाट धरली. या पंख्यातील लहानसे मंडल बाहेरच्या विजेचे रूपांतर करून आपली आवर्तने आपणच घडवते, चुंबक कोठे पोहोचला हे क्षणोक्षणी पाहते आणि ठरलेला वेग राखते. जुन्या पंख्याला सुमारे ७५ वॅट लागत. याचे काम २८ ते ३५ वॅटांत भागते. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीची तारांकित चिठ्ठी सक्तीची झाली, तीही याच दिशेने.

असे पंखे अजून महाग आहेत, आणि बिघडल्यास गावातल्या वायरमनच्या हाताबाहेर जातात, हे नाकारता येणार नाही. ज्या घरी तारेच्या टोकाची वीज पोहोचते, त्याच घराला त्यांची गरज सर्वांत अधिक. आणि ते विकत घेणे त्यालाच सर्वांत जड. तेव्हा वाऱ्याला लगाम घालण्याची विद्या माणसाला साधली, एवढ्यावर हा इतिहास संपत नाही. तो लगाम शेवटच्या खांबाखालच्या घराच्या हाती पडेल, तेव्हाच पंखेवाल्याची दोरी खऱ्या अर्थाने सुटली असे म्हणता येईल.